तीन वर्षांपूर्वी आम्ही तुमच्या पेपरात खोटं छापून आणलं, त्याची ही दुरुस्ती

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२०२२ च्या जूनमध्ये तुमच्या पेपरात निधनवार्तांच्या पानावर माझ्या धाकट्या भावाच्या चार ओळी आल्या होत्या. वय २७, हृदयविकाराच्या तीव्र धक्क्याने निधन, पश्चात आईवडील आणि एक विवाहित बहीण. ती विवाहित बहीण म्हणजे मी. मजकूर काकांनी लिहिला, मी वाचून हो म्हटलं, फोटो माझ्याच मोबाईलमधून पाठवला, चुलतभावाच्या लग्नातला, निळा शर्ट घातलेला. वय बरोबर होतं, नावं बरोबर होती, गावाचं नावही बरोबर होतं, फक्त कारण खोटं होतं. त्याला हार्ट अटॅक आला नव्हता. तो ओव्हरडोसनं गेला. ब्राऊन शुगर, त्यावर दारू आणि त्यावर झोपेच्या गोळ्या.

तुमची यात काही चूक नाही, आम्ही दिलं ते तुम्ही छापलं. पण येत्या ३१ ऑगस्टला जगभर ओव्हरडोसनं गेलेल्यांची आठवण काढतात, आणि मला वाटलं की जिथं खोटं सांगितलं तिथंच खरं सांगावं. पत्र मोठं झालंय, कापायचं असेल तर माझं रडगाणं कापा, पण घोरण्याबद्दल जे लिहिलंय ते कापू नका ही हात जोडून विनंती.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. बाबांचा टिपर ट्रक होता, खाणीवर चालायचा. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा बाबू (घरात त्याला सगळे बाबूच म्हणायचे) बारावीत होता. ट्रक दारात उभा, बँकेचा हप्ता मात्र चालू. मध्ये खाणी परत सुरू झाल्यासारख्या झाल्या आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पुन्हा बंद. तोपर्यंत बाबू किनाऱ्यावर कामाला लागला होता, आधी एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये भांडी, मग कांदे-मासळी कापणं, मग तंदूरवर. सीझनमध्ये रात्री दोन-तीनला सुटायचा आणि तिथून बाईकनं डिचोलीला यायचा. उभं राहून राहून पाठ धरायची, आधी पेनकिलर घ्यायचा, मग कुणीतरी सांगितलं की फॉईलवर थोडंसं ओढलं की पाठही दुखत नाही आणि झोपही लागते. हे त्यानं मला स्वतः सांगितलंय, लपवून नाही, मान खाली घालून. मी काही त्याला निर्दोष ठरवायला बसलेली नाही, त्यानं आईची पाटली विकली, माझ्याकडून खोटं सांगून पैसे नेले, आम्ही भांडलो, मी सहा महिने त्याच्याशी बोलले नव्हते. हेही खरंच आहे म्हणून लिहिते.

मग तीन महिने तो एका व्यसनमुक्ती सेंटरमध्ये राहून आला. स्वतःहून गेला होता हो, कुणी ओढून नेला नव्हता. आला तेव्हा गाल भरले होते, जेवण मागून घ्यायचा, आई दोन वेळा मासळी करायची. घरी येऊन अकराच दिवस झाले होते.

त्या शनिवारी मी मुलीला घेऊन माहेरी आले होते. मिरगाचा पाऊस नुसता कोसळत होता. रात्री साडेनऊच्या सुमारास मित्रानं त्याला बाईकवरून गेटपर्यंत सोडलं आणि तो मित्र आत न येता निघून गेला. बाबू म्हणाला जेवत नाही, डोळे जड झाले होते, बोलणं जरा चिकट, आम्हाला कळलं की नशा करून आलाय, आई काही बोलली नाही कारण सेंटरवाल्यांनी सांगितलं होतं की लगेच ओरडू नका, सकाळी बोला. तो आतल्या खोलीत जाऊन उताणा पडला आणि थोड्या वेळानं घोरायला लागला.

असं घोरणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. कौलांवर पाऊस धो धो पडत असूनही बाहेर सोप्यावर ऐकू येत होतं. खोल खरखर, मध्येच गुळण्या केल्यासारखा आवाज, मग एकदम थांबायचं, मी कान देऊन बसायचे, मग परत श्वासाची एक मोठी ओढ. मी दारात जाऊन बघितलं, लाईट लावला नाही, त्याला जाग येईल म्हणून. आईला म्हटलं हा असा काय घोरतोय, उठवू का? आई म्हणाली, "न्हिदूंदी गो ताका, कितल्या दिसांनी बरी न्हीद लागल्या." (झोपू दे गं त्याला, किती दिवसांनी चांगली झोप लागलीय.) तिचं काय चुकलं? दोन वर्षं त्या पोराला रात्र रात्र येरझारा घालताना तिनं बघितलं होतं, तिच्यासाठी तो आवाज म्हणजे लेक बरा होत असल्याची खूण होती. मी आत गेले, त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि दार ओढून घेतलं. साडेअकराच्या पुढे आवाज बंद झाला. आम्हाला वाटलं कूस बदलली असेल.

पहाटे आई चहा ठेवायला उठली तेव्हा तो थंड होता.

आरोग्य केंद्रात नेलं, तिथून पोलीस, पंचनामा, पोस्टमॉर्टेम, व्हिसेरा राखून ठेवला. रिपोर्ट यायला कितीतरी महिने गेले, तोवर चार ओळी छापून झाल्या होत्या, बारावं झालं होतं, अख्ख्या गावाला हार्ट अटॅक माहीत होता. कागदावर मॉर्फिन, अल्प्राझोलाम (म्हणजे त्या झोपेच्या गोळ्या) आणि अल्कोहोल लिहून आलं. ब्राऊन शुगर म्हणजे हलक्या प्रतीचं हेरॉईन, आणि हेरॉईनचं शरीरात गेल्यावर मॉर्फिन होतं, हे मला तेव्हा कळलं. ओळखीच्या एका डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, घोरण्याचंही सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ते घोरणं नव्हतं, श्वासाची वाट बंद होत होती त्याचा तो आवाज होता.

संपादक महोदय, हे वाक्य मला आधी माहीत असतं तर. एवढंच. म्हणून आता मला जे कळलंय ते लिहिते, मी डॉक्टर नाही, प्राथमिक शाळेतली शिक्षिका आहे, पण मी हे डॉक्टरांकडून समजून घेतलंय आणि आपल्या कुणाच्याही घरी हे माहीत असायला डॉक्टर असावं लागत नाही.

हेरॉईन, ब्राऊन शुगर, अफू, मॉर्फिन, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या या सगळ्या एकाच जातीच्या, त्यांना ओपिऑईड म्हणतात. मेंदूच्या खालच्या भागात श्वास चालू ठेवणारी जी यंत्रणा असते ती यांनी मंदावते. आपण झोपेत असलो तरी मेंदू श्वास घ्यायला सांगत असतो, इथं तो सांगायचंच विसरतो. दारू आणि झोपेच्या गोळ्याही तेच करतात, म्हणून तिन्ही एकत्र आलं की कुणा एकाचं प्रमाण फार जास्त नसलं तरी माणूस जाऊ शकतो. हार्ट अटॅकसारखं छातीत धरून कोसळणं यात बहुतेक वेळा नसतं. तास-दोन तास हळूहळू श्वास कमी होत जातो, शेजारच्या खोलीत घरचे टीव्ही बघत असतात, जेवत असतात. म्हणजे वेळ असतो. आमच्याकडे दोन तास होते.

ओळखायचं कसं, तर तीन गोष्टी बघायच्या. हाक मारून, हलवून उठत नाही. श्वास अगदी हळू किंवा अडकत अडकत. डोळ्याची पापणी उघडून बघितली तर बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी बारीक. ओठ आणि नखं निळसर, काळपट पडायला लागतात, अंग थंड आणि चिकट लागतं. आणि ते घोरणं, ती घरघर. शंका आली तर आधी लाईट लावा (मी लावला नाही), जोरात नावानं हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची हाडं जोरात घासा, झोपलेला माणूस वैतागून उठतो, शिव्या देतो, देऊदे. उठला नाही तर ती झोप नाही. साध्या झोपेत मोठं माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतं, इथं आठ-दहा सेकंदांत एखादा येत असेल तर वाट बघत बसू नका, १०८ लावा. गोव्यात १०८ फुकट आहे. फोनवर सांगायचं, माणूस शुद्धीवर नाही आणि श्वास नीट चालत नाही, पत्ता नीट सांगायचा, आणि काय घेतलंय ते माहीत असेल तर तेही सांगायचं. गाडी येईपर्यंत डोकं मागे कलवून हनुवटी वर करायची, नाक चिमटीत धरून तोंडानं श्वास द्यायचा, दर पाच-सहा सेकंदांनी एक. श्वास अजिबातच नसेल तर छाती दाबायची, कशी ते १०८ वाल्यांना फोनवरच विचारा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवायचं, वरचा गुडघा पुढे वाकवून, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. आणि एकटं सोडायचं नाही.

आपल्याकडे काय करतात, तर थंड पाण्याची बादली ओततात, गालावर थपडा मारतात, लिंबू पिळतात, मिठाचं पाणी पाजून ओकायला लावतात. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतलं की ते फुफ्फुसात जाऊ शकतं. आणि सगळ्यात जास्त काय करतात, तर झोपू देतात. सकाळी उतरेल म्हणतात.

पार्टीतल्या गोळ्यांचं, एमडीएमएचं वगैरे वेगळं असतं, त्यात माणूस झोपत नाही, अंग तापतं, बडबडतो, झटके येतात, हृदय धावत सुटतं. तिथंही गार जागी न्यायचं आणि १०८ लावायचा, नाचून नाचून दमलाय म्हणून कोपऱ्यात बसवून ठेवायचं नाही.

आता सेंटरबद्दल. बाराव्यानंतर तो बाईकवाला मित्र रात्रीचा घरी आला, माझ्यासमोर उभा राहून थरथरत होता. म्हणाला, ताई, त्यानं काही जास्त घेतलं नव्हतं, पूर्वी घ्यायचा तेवढंच घेतलं. मी तेव्हा त्याला खोटारडा म्हटलं. तो अगदी खरं बोलत होता. रोज घेणाऱ्याच्या शरीराला सवय झालेली असते, त्याला जास्त जास्त लागतं, पण काही आठवडे बंद केलं की ती सवय उतरते. माणसाला मात्र जुनाच डोस आठवतो. त्यात रस्त्यावरच्या पुडीत किती माल आणि किती भेसळ हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून सेंटरमधून, हॉस्पिटलमधून किंवा जेलमधून बाहेर आल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वात धोक्याचे असतात. जेलमधून सुटल्यावरचे पहिले दोन आठवडे तर फारच, परदेशात यावर बराच अभ्यास झालाय. आपण समजतो की पोरगा सुधारून आला, आता धोका टळला, आणि नेमका त्याच वेळी तो सगळ्यात जास्त असतो.

हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सेंटरमधून निघताना फाईल दिली, सर्टिफिकेट दिलं, देवाधर्माचं भाषण दिलं, फोटो काढला. पुन्हा घेतलं तर जुना डोस घेऊ नकोस, एकटा असताना घेऊ नकोस, दारूबरोबर घेऊ नकोस, हे कुणी बोललं नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल की असं बोललं म्हणजे परत घ्यायला परवानगी दिल्यासारखं होईल. मला ते पटत नाही. हेल्मेट घाल म्हटलं म्हणजे जाऊन आपट असं होत नाही ना. हा आजार परत उलटतो हे उपचार करणाऱ्यांना माहीत असतं, मग घरच्यांना का माहीत नको?

आणखी एक गोष्ट फार उशिरा कळली. नुसतं बंद करायला लावणं हा एकच उपाय नाही. बुप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी असते, देशात सरकारी एड्स नियंत्रण कार्यक्रमातून आणि काही हॉस्पिटलांतून ती कित्येक वर्षं दिली जाते. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली रोज घेतली की तलफ आवरते, माणूस कामावर जाऊ शकतो आणि ओव्हरडोसनं मरायची शक्यता बरीच कमी होते. आमच्याकडे सल्ला द्यायला आलेले सगळे म्हणायचे, एका नशेच्या जागी दुसरी नशा कशाला, इच्छाशक्ती पाहिजे. बाबूकडे इच्छाशक्ती होती, तो स्वतःच्या पायानं सेंटरमध्ये गेला होता. ज्यांच्या घरी हे चाललंय त्यांनी बांबोळीला आयपीएचबीमध्ये, म्हणजे मनोविकारांच्या सरकारी हॉस्पिटलात, जाऊन मानसोपचार डॉक्टरांना विचारावं, लाज वाटत असेल तर आधी १४४४६ वर फोन करावा, ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची फुकट हेल्पलाईन आहे. बांबोळीला नेलं म्हटलं की आपल्याकडे लोक डोक्यावर बोट फिरवतात, ते फिरवूदेत.

मी त्या मित्रावर फार चिडले होते. त्याला वाटेतच कळलं होतं की बाबू बाईकवर मागे नीट बसत नाहीये, मान टाकतोय. तरी त्यानं गेटवर सोडलं आणि पळाला. का, तर पोलीस. अमली पदार्थाचं सेवन हाच गुन्हा आहे, १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या २७ व्या कलमाखाली हेरॉईनसारख्या पदार्थाला वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे त्याला कलम-बिलम माहीत नसलं तरी पक्कं माहीत होतं. त्याच कायद्यात ६४ अ असंही एक कलम आहे, जो व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घ्यायला येतो त्याच्यावर सेवनासाठी किंवा थोड्याशा मालासाठी खटला चालू नये असं, पण ते कुणालाच माहीत नाही. आणि मरणाऱ्या मित्राला हॉस्पिटलात आणणाऱ्याचं काय? रस्त्यावर अपघात झालेल्याला नेणाऱ्याला त्रास देता येत नाही, त्यासाठी २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४ अ घातलं, आता लोक थांबतात, उचलून नेतात. तसं ओव्हरडोससाठी का नाही? अमेरिकेत बहुतेक राज्यांत असा कायदा आहे. आपले आमदार अंमली पदार्थांवर विधानसभेत खूप बोलतात, किती पकडले किती सुटले, तर त्यात कुणीतरी हाही एक प्रश्न विचारावा एवढीच माझी मागणी आहे. तो मित्र तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. त्याला त्या रात्री घाबरायची गरज नसती तर त्यानं गाडी सरळ हॉस्पिटलकडे वळवली असती असं तो म्हणतो, आणि आता माझा त्याच्यावर विश्वास आहे.

हॉस्पिटलात त्याला नॅलोक्सोन मिळालं असतं. हे औषध ओपिऑईडला मेंदूतल्या त्याच्या जागेवरून ढकलून देतं आणि काही मिनिटांत श्वास परत चालू होतो. नशा नाही, सवय लागत नाही, चुकून ओपिऑईड न घेतलेल्याला दिलं तरी काही होत नाही. दारूवर किंवा झोपेच्या गोळ्यांवर ते चालत नाही हे खरं, पण श्वास थांबवणाऱ्यातला एक तरी बाजूला होतो. असर अर्धा ते दीड तास टिकतो, कधी कधी तो उतरला की माणूस परत खाली जातो, म्हणून उठून बसला तरी हॉस्पिटलात थांबायलाच हवं. अमेरिकेत १९७१ पासून वापरात आहे, मार्च २०२३ पासून नाकात मारायचा स्प्रे तिथं चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. तिथं २०२१ ते २०२३ दर वर्षी लाखाच्या वर माणसं ओव्हरडोसनं मेली आणि २०२४ मध्ये आकडा ऐंशी हजारांच्या आसपास उतरला, त्याची कारणं बरीच सांगतात, त्यात हे औषध घराघरात पोचल्याचंही एक सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनं तर २०१४ सालीच सांगून ठेवलंय की ज्यांच्या समोर ओव्हरडोस होऊ शकतो त्या घरच्यांना, मित्रांना हे औषध द्या आणि वापरायला शिकवा. आपल्याकडे ते इंजेक्शन आहे, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, पण माझ्या आईसारख्या बाईच्या हातात ते कसं येणार? किमान प्रत्येक आरोग्य केंद्रात असावं, १०८ च्या गाडीत असावं, किनाऱ्यावरच्या पोलीस चौकीत असावं, आणि सेंटरमधून माणूस घरी सोडताना घरच्यांना दाखवून द्यावं.

आता आमच्या खोट्याबद्दल परत. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेला सर्व्हे २०१९ ला आला, त्यात देशात ओपिऑईड घेणारे सव्वादोन कोटींच्या वर आहेत असा अंदाज होता, त्यातल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे असं म्हटलं होतं. आणि एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२ च्या अपघाती मृत्यूंच्या आकड्यात अख्ख्या देशात ओव्हरडोसनं गेलेले किती, तर ६८१. ज्या वर्षी बाबू गेला तेच वर्ष. मी हे दोन आकडे शेजारी लिहून बघितले तेव्हा मला आमच्या त्या चार ओळी आठवल्या. किती घरांत काका बसून हृदयविकाराचा तीव्र धक्का असं लिहीत असतील. आमच्याच तालुक्यात मला आता अशी तीन घरं माहीत आहेत, माझ्याशी बोलल्यावर त्यांनी हळूच सांगितलं. एका आईनं तर सांगितलं, तिचाही लेक त्या रात्री फार घोरत होता.

गोव्यात ओव्हरडोस म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पार्टी, टुरिस्ट येतात. २०१९ च्या डिसेंबरात वागातोरला संगीत महोत्सवाच्या दिवसांत तीन तरुण गेले तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्या बोललो होतो, बाहेरून येतात आणि आपलं नाव खराब करतात. मीही बोलले होते. तेव्हा बाबू घरात होता आणि त्याचं चालू झालेलं होतं. त्या तिघांनाही कुठंतरी आई असेल हे त्या दिवशी मनातसुद्धा आलं नाही, याची मला आज फार लाज वाटते.

आमच्या शाळेत २६ जूनला अमली पदार्थ विरोधी दिवस होतो. फलक, घोषणा, प्रभातफेरी, सगळं मीच बसवते. बाबू गेला त्याच महिन्याच्या शेवटी मला मुलांच्या पुढे फलक धरून चालावं लागलं आणि त्यावर एक हाडांचा सापळा काढलेला होता, खाली लिहिलं होतं नशेबाज समाजाची कीड. तो फलक मीच दोन वर्षांपूर्वी मुलांकडून रंगवून घेतला होता. घरी जाऊन मी तो जाळला. आता मी सातवीच्या मुलांना वरची कुशीवर वळवायची रीत शिकवते, सतरंजीवर, एकमेकांवर करून बघतात, हसतात, पण शिकतात.

३१ ऑगस्टचा दिवस वेगळा आहे. २००१ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या सेंट किल्डा भागात साल्वेशन आर्मीत काम करणाऱ्या सॅली फिन नावाच्या बाईंनी सुरू केला, गेलेल्यांसाठी आणि मागे राहिलेल्यांसाठी, जांभळा रंग लावतात. २६ जूनला आपण पोरांना घेऊ नका म्हणतो, ते म्हणायलाच हवं. पण ज्यांनी घेतलं आणि जे गेले त्यांच्या घरच्यांना बसायला तिथं जागा नसते. २०२२ साली चवथ नेमकी ३१ ऑगस्टलाच आली होती. आमच्या घरी गणपती आणला, पण फटाका नाही, घुमट (आमच्याकडचं मातीचं वाद्य) वाजवून आरती नाही, आई आत बसून होती. तेव्हा आम्हाला या दिवसाबद्दल काहीच माहीत नव्हतं. यंदा ३१ ला पाच दिवसांच्या गणपतींचं विसर्जन आहे, तुमचं पान त्याच बातम्यांनी भरलेलं असणार हे कळतं, तरी कोपऱ्यात जागा द्या.

आणि तुमच्याकडे एक मागणं. अशी बातमी येते तेव्हा नशेबाज तरुणाचा मृतदेह सापडला असं शीर्षक देऊ नका. त्या तरुणाला वय असतं, गाव असतं, काम असतं, ते लिहा. खाली एका चौकटीत १०८ आणि १४४४६ छापा, आणि एक ओळ, बेशुद्ध माणूस घोरत असेल तर उठवा. तुमचा पेपर आमच्या गावात पोस्टाजवळच्या हॉटेलात सगळे वाचतात, ज्यांच्या घरी हे चालू आहे ते आधी वाचतात.

नाव छापू नका ही विनंती. खरं सांगायला निघाले आणि नाव लपवते, हे मलाही बरं वाटत नाही. पण बाबा अजून तयार नाहीत, ते अजून लोकांना हार्ट अटॅकच सांगतात आणि सांगताना स्वतःच्या छातीवर हात ठेवतात. त्यांना मी जबरदस्ती करणार नाही. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर तुमच्यासाठी दिलाय.

आईला हे पत्र काल रात्री वाचून दाखवलं. पांघरुणाचं आलं तेव्हा तिनं माझा हात धरला. सगळं ऐकून म्हणाली, पाटली विकल्याचं घातलंस तर माटोळीचंही घाल. तर घालते. आमच्या घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट, बारा वर्षांचा असल्यापासून बाबू बांधायचा. नारळाची पेंड, सुपारीचा घोस, चिबूड, तोरिंग हे बाजारातही मिळतं, पण रानातलं सामान तो स्वतः आणायचा, आदल्या दिवशी पहाटे कोयता घेऊन जायचा आणि चिखलानं भरलेला परत यायचा. कवंडळाची लालभडक फळं तो कुठून तरी आणायचा, गणपतीच्या बरोब्बर डोक्यावर बांधायचा. कुठल्या रानात मिळतात ते त्यानं कधी सांगितलं नाही, म्हणायचा तुम्हाला सांगितलं तर मला कोण विचारणार. आता माटोळी चुलतभाऊ बांधतो. कवंडळ काही त्याला सापडलेलं नाही.

आपली एक वाचक,
डिचोली तालुका, गोवा